मुंबईत नव्याने आलात? खाणावळ, ताजी मासळी आणि भांडी अशी शोधा

दुपारी पावणेतीनला एखाद्या खाणावळीत शिरलात आणि वाढप्याने सांगितलं, "बांगडा संपला, आता बोंबील आहे नि भात आहे," तर उठून जाऊ नका. तिथेच जेवा. सकाळी आणलेलं दुपारी संपतंय, म्हणजे कालचं काही तुमच्या ताटात येणार नाही. मुंबईत जेवणाचं आणि मासळीचं ठिकाण निवडताना मी हे एकच बघते: इथला माल रोज संपतो का? भांड्यांचा हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

मी मूळची परभणीची. आमच्याकडे मासे म्हणजे रोहू, कटला, कधीतरी मरळ. समुद्राची मासळी कशी ओळखायची, राइस प्लेट म्हणजे काय, टोप कशाला म्हणतात, हे सगळं मी इथे नोकरीसाठी आल्यावर शिकले. शिकवलं ते खाणावळवाल्यांनी, कोळणींनी आणि तांबाकाटा या भांड्यांच्या बाजारातल्या दुकानदारांनी. ज्या क्रमाने शिकले, त्याच क्रमाने लिहिते आहे. तो क्रम मोडू नका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी बाहेर जेवा, मग मासळी विकत घ्या आणि सर्वांत शेवटी भांडी. नवीन खोली मिळाली की लोक पहिल्याच रविवारी मॉलमधून नॉनस्टिकचा सात नगांचा संच उचलतात. त्यातलं निम्मं सहा महिन्यांत माळ्यावर जातं.

पहिले दोन-तीन आठवडे : रोजच्या जेवणाची सोय

खोली मिळाल्याच्या संध्याकाळीच आसपास पोळी-भाजी केंद्र कुठे आहे ते विचारून घ्या. दादर, गिरगाव, विलेपार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशा मराठी वस्तीच्या भागांत ते हमखास असतं. लहानसा गाळा असतो. पोळ्या नगावर, भाजी-आमटी पिशवीत किंवा तुमच्या डब्यात, कधी भाकरी, उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी सहा ते आठ ही गर्दीची वेळ. घरचा डबा घेऊन जा. रोज डबा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला चार दिवसांत नावाने ओळखतात, आणि मग "आज फ्लॉवर नको, वालाचं बिरडं घे" असं आतून सांगितलं जातं. हा सल्ला कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

दुपारसाठी खाणावळ. या शहराला हा शब्द गिरण्यांनी दिला म्हटलं तरी चालेल. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार बायकामुलं गावी ठेवून इथे राहायचे, आणि लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका दहा-दहा, वीस-वीस जणांचं जेवण करून घर चालवायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. गिरण्या गेल्या, पण त्या जेवणाची रीत राहिली: पदार्थ मोजके, वाढप भरपूर आणि रोज येणाऱ्या माणसाच्या पोटाला सोसेल असं तेल-तिखट.

चांगली खाणावळ ओळखण्यासाठी फलकावरचं लिखाण आधी वाचा. खडूने लिहिलेल्या सहा-सात ओळी असतील तर उत्तम. छापील कार्डावर चायनीज, पंजाबी, मालवणी आणि पिझ्झा एकत्र दिसले तर मी पुढे जाते. एवढ्या प्रकारांचं रोज ताजं करणं कुठल्याच लहान स्वयंपाकघराला जमत नाही. मग टेबलांवर कोण बसलंय ते बघा. एकेकटी आलेली, न विचारता ताट समोर येणारी, पंधरा मिनिटांत जेवून उठणारी माणसं दिसली, बँकेतली, टॅक्सीवाले, आसपासचे दुकानदार, तर समजा की ही रोजची आहेत, आणि रोज जेवणाऱ्या माणसाला कोणी शिळं वाढू शकत नाही. तिसरी खूण आमटीची. पहिल्या दिवशी साधी राइस प्लेट, म्हणजे पोळी-भाजी-आमटी-भाताचं ठरलेलं ताट, मागवा. आमटी-भात चांगला असेल तर बाकीचंही चांगलं असतं. स्वयंपाकघर दिसत असेल तर नजर टाका, आणि तळणाचा वास घ्या. जुनं तेल दारातच कळतं.

नावंच हवी असतील तर सुरुवातीला चुकणार नाही अशी काही सांगते. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासूनचं, तिथला बटाटावडा. शिवसेना भवनासमोर आस्वाद, १९८६ चं, मिसळ, थालीपीठ. शिवाजी पार्काकडे प्रकाश. साबुदाणा वडा आणि वर पीयूष. माटुंगा स्टेशनाला लागून रामा नायक यांचं उडुपी, १९४२ पासून. तिथे केळीच्या पानावर जेवायचं, आणि त्या दिवशी दुसरं काही काम ठेवायचं नाही. माटुंग्यातच किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास. सकाळी लवकर गेलात तर बाहेर ताटकळावं लागणार नाही.

इराण्याकडे एकदा तरी जाच. धोबी तलावचं क्यानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. क्यानीत सकाळी बन मस्का आणि चहा, जमल्यास खिमा-पाव. ब्रिटानियात दुपारी बेरी पुलाव; दुपारच्या जेवणाचीच ती जागा आहे, तेव्हा रात्रीचा बेत करून जाऊ नका. इराणी हॉटेलं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तिथल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीत बसून एक चहा घेतल्याशिवाय मुंबईत आल्यासारखं वाटत नाही, हे मी मनापासून सांगते.

मासळीची थाळी : जीभ तयार करा

मासळी बाजारात जाण्याआधी निदान चार-पाच ठिकाणी मासळीची थाळी जेवा. ताजं कसं लागतं हे जिभेला कळलेलं नसेल तर बाजारात नुसत्या डोळ्यांनी काही साधत नाही.

पाटीवर ‘लंच होम’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा मंगळुरी किंवा उडुपीकडच्या मंडळींचं. फोर्टमधलं महेश आणि लोअर परळचं जय हिंद हे त्यातले नावाजलेले. तिथे गस्सी (खोबऱ्याचा मंगळुरी रस्सा) आणि नीर डोसा (तांदळाचं पातळ धिरडं) मागवा. ‘गोमांतक’ म्हटलं की ओल्या खोबऱ्याचं, सौम्य, आणि बांगड्यात तिरफळं. वांद्रे पूर्वेचं हायवे गोमांतक त्यासाठी योग्य. दुपारी रांग असते, ती सोसा. मालवणी घरात भाजलेलं सुकं खोबरं आणि मालवणी मसाला, सोबत वडे किंवा तांदळाची भाकरी. कोळ्यांचं कालवण आणखी वेगळं: खोबरं नाही म्हटलं तरी चालेल इतकं कमी, लसूण ठेचलेला, चिंच आणि घरचा मसाला. एकच बांगडा या चार घरांत चार प्रकारचा लागतो. नवख्याला सगळं ‘फिश करी’ वाटतं, म्हणून मुद्दाम वेगळं सांगितलं.

ऑर्डर देताना "पापलेट आहे का?" असं विचारू नका. "आज काय ताजं आलंय?" असं विचारा. वाढप्याने क्षणभर थांबून, "मांदेली घ्या, सकाळचीच आहे," म्हटलं तर मांदेली घ्या. ती स्वस्तही पडते आणि कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाता येते. सोलकढीकडेही लक्ष असू द्या. आमसुलं भिजवून, नारळाचं दूध काढून केलेली सोलकढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की वर दाट दूध आणि खाली पाणी अशी वेगळी होते. भडक रंगाची आणि तासभर तशीच राहणारी सोलकढी मी बाजूला सारते.

आता बाजार

पहाटेचा ससून डॉक एकदा बघावा. कुलाब्यातला हा धक्का १८७५ चा. पाचच्या सुमारास बोटी लागलेल्या असतात, टोपल्या हातोहात वर येतात, लिलाव पुकारले जातात, बर्फाचा चुरा सगळीकडे उडत असतो. माझगावचा भाऊचा धक्का तसाच. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून जवळ पडतो. पण हे घाऊक बाजार आहेत. अर्धा किलो कोलंबीसाठी तिथे गेलात तर तुमचा वेळ जाईल आणि त्यांचा खोळंबा होईल. बघायला जायचं तर कडेला उभं राहायचं, टोपलीवाल्याच्या वाटेत यायचं नाही, न विचारता कोणाच्या चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत. आणि पायात जुन्या चपला.

रोजच्या खरेदीसाठी महापालिकेच्या मंडईतला मासळी विभाग गाठा. माहीम-शिवाजी पार्काच्या बाजूला असाल तर सिटीलाइट सिनेमाजवळची गोपी टँक मंडई. तिथली मासळी अख्ख्या दादरला माहीत आहे. अंधेरीकडे असाल तर वेसावे (वर्सोवा), वांद्र्याच्या बाजूला खारदांडा, शिवाय वरळी, माहीम, मढ असे कोळीवाडे आहेतच. आपल्या घराजवळ कोळणी कुठे बसतात ते शेजारच्या काकूंना विचारा. त्यांचं उत्तर सहसा चुकत नाही.

वार आणि वेळ सांभाळा. रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे मासळी खाणाऱ्यांचे वार, तेव्हा मालही भरपूर आणि भावही चढलेला. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला गिऱ्हाईक कमी असतं. मंगळवारी सकाळी मी जाते. गर्दी नसते, बोलायला सवड असते. रविवारी अकरा वाजता जाऊन चांगल्या सुरमईची अपेक्षा धरणं मात्र व्यर्थ. घरोघरच्या जुन्या गिऱ्हाइकांनी ती साडेआठलाच नेलेली असते.

माझी पहिली खरेदी फसली होती. एका रविवारी दुपारी रस्त्याच्या कडेला पापलेटं मांडलेली दिसली, चकचकीत, वर पाणी मारलेलं. दोन घेतली. घरी कापताना मांस बोटाला चिकटलं आणि हळद-मीठ लावूनही वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मंडईतल्या एका कोळणीला मी हे सांगितलं. तिने काही न बोलता आपल्या पाटीवरचं एक पापलेट उचललं, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबलं. पांढुरकं पाणी आलं. मग माझा हात धरून माझंच बोट तिथे ठेवलं. "बग. लाल पानी आला तर घ्यायचा नाय." त्यानंतर तिने कल्ला उलगडून दाखवला. आत ओलसर, तांबडालाल. अंगावर बोट दाबून उचललं तर खळगा लगेच भरून आला. एवढ्या दोन मिनिटांत तिने मला जे शिकवलं त्यावर माझी आजवरची खरेदी चालली आहे. मी अजून तिच्याकडेच जाते.

तिच्याकडून आणि पुढे इतरांकडून शिकलेल्या खुणा अशा. बांगडा, सुरमई, रावस यांचे डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत; आत गेलेले, दुधाळ झालेले डोळे म्हणजे शिळं. बांगडा शेपटीकडे न लोंबता ताठ राहायला हवा. बोंबलाचं तोंड लालसर-गुलाबी आणि अंग घट्ट दिसलं पाहिजे. त्याच्यात पाणीच इतकं की तो सर्वांत आधी मऊ पडतो, म्हणून बोंबील सकाळी घ्यावा आणि त्याच दुपारी खावा. कोलंबीचं डोकं अंगाला घट्ट, कवच चकचकीत. डोकं काळं पडलेलं किंवा हात लावताच निखळणारं असेल तर सोडून द्या. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या हव्यात. एखादी उघडी असेल तर टिचकी मारून बघा, जिवंत असेल तर मिटते. चिंबोऱ्या (खेकडे) जिवंतच घ्यायच्या आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागतील त्या. अमावस्येच्या आसपासच्या भरलेल्या असतात असं सगळ्या कोळणी सांगतात, आणि मी त्यांचंच ऐकते. वासाचं काय, असं लोक विचारतात. ताज्या मासळीला समुद्राचा वास असतो, ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो नंतर येतो.

नवख्याने कुठून सुरुवात करावी? माझं मत: बांगडा, मांदेली, बोंबील आणि कोलंबी. पापलेट-सुरमई नंतर. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, त्याचा मान मोठा आहे, पण तळहाताएवढी पिल्लं ‘स्वस्त पापलेट’ म्हणून घेऊ नका. ती वाढू दिली तरच पुढच्या वर्षी पापलेट मिळेल. करली चवीला अप्रतिम, पण तिच्यात इतके काटे की सवय होईपर्यंत लांब राहिलेलं बरं.

भाव करायचा, पण रीतीने. आधी अख्खी मंडई एकदा फिरून या. मोठी मासळी नगावर किंवा वजनावर, लहान मासळी वाट्यावर, म्हणजे मांडलेल्या ढिगावर. वाट्यावर घेताना दर पाडण्यापेक्षा "मावशी, वर दोन टाका," म्हणणं जास्त साधतं. सकाळची भवानी असेल तर फार ताणू नका; पहिल्या गिऱ्हाइकाने न घेता जाणं त्यांना लागतं, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला देतातही मोकळ्या हाताने. पहाटे तीनला उठून धक्क्यावरून माल आणणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी आवाज चढवणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं.

घेतल्यावर साफ करून मागा, आणि काय करणार आहात ते सांगा. "तळायला" म्हटलं की तुकड्या पातळ पडतात, "कालवणाला" म्हटलं की जाड. सुरमई घेतलीत तर मधल्या तुकड्या तळायला आणि डोकं कालवणाला. डोकं टाकून देऊ नका, रश्शाला चव तेच देतं. घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि थोडा बर्फ मागून घ्या. लोकलने जायचं असेल तर डबा घट्ट बंद आणि गर्दीची वेळ टाळलेली बरी. मालडब्यात कोळणींच्या पाट्या असतातच, तुमच्या डब्याची कोणाला अडचण होणार नाही.

पावसाळ्यात काय करायचं

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हा मासळीच्या विणीचा काळ. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत मोठी मासळी दिसते ती बरीचशी तिकडून बर्फात आलेली किंवा साठवणीतली. वाईटच असते असं नाही, पण तिला ताजी म्हणून ताजीचा भाव देऊ नका. या दोन महिन्यांत खाडीची मासळी, चिंबोऱ्या आणि गोड्या पाण्यातले रोहू-कटला घ्या. मला तर तेव्हा परभणीची चव मिळते. आणि सुकी मासळी हा पावसाळ्याचा खरा आधार आहे. सुके बोंबील, जवळा (अगदी बारीक कोलंबी), सोडे (सोललेली सुकी कोलंबी) मे महिन्यातच भरून ठेवायचे. मरोळला सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. वेसाव्याला गेलात तर बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील दिसतील. जवळा घेताना मूठभर हातात घेऊन झटका. वाळू किती पडते ते बघा. पुढे नारळी पौर्णिमा होऊन बोटी नीट लागल्या की मंडईत पुन्हा रंग भरतो.

मसाला तयार घ्यायचा तर लालबागला जा. तिथे मिरची, धणे, खडा मसाला तुमच्यासमोर निवडून, भाजून, डंकावर कुटून देतात. मार्च ते मे त्यासाठी झुंबड असते. नवख्याने पाव किलो मालवणी मसाल्यापासून सुरुवात करावी.

भांडी : सर्वांत शेवटी, सवडीने

इतके दिवस जेवून आणि मासळी आणून झाल्यावर आपण काय शिजवणार हे तुम्हाला कळलेलं असतं. आता भांडी घ्या. एकट्या माणसाला चार पुरतात: बिडाचा तवा, जाड बुडाचा स्टीलचा टोप (पातेल्याला मुंबईत टोप म्हणतात), तीन लिटरचा कुकर आणि मातीची हंडी. खलबत्ता असल्यास सोन्याहून पिवळं.

पायधुणीचा तांबाकाटा हे भांड्यांचं जुनं ठिकाण. मुंबादेवीच्या देवळापासून चालत पोचता येतं, अलीकडे-पलीकडे भुलेश्वर आणि काळबादेवी. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी तांब्या-पितळेची भांडी टांगलेली असतात, आणि कुठून तरी ठोक्यांचा आवाज येत राहतो. तांबं, पितळ आणि पुष्कळसं स्टील इथे वजनावर मिळतं. धातूचा दिवसाचा दर विचारा, घडणावळ वेगळी लावतात का ते विचारा, आणि काट्यावर भांडं रिकामं आहे, झाकण वेगळ्या धातूचं असेल तर ते उतरवलंय, याची खात्री करा. जुनं फुटकं पितळ घरात असेल तर घेऊन जा. मोडीचा भाव वजा करून देतात.

बिडाचा तवा निवडताना बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. घरी आणल्यावर लगेच मासळी टाकू नका, हमखास चिकटेल. आधी घासून धुवा, मंद आचेवर पूर्ण सुकवा, तेल लावा, कापलेला कांदा त्यावर चोळत राहा, पुन्हा तेल. आठ-दहा दिवस हे करून तवा मुरला की रव्यात घोळवलेला बोंबील त्यावर असा सुटतो की नॉनस्टिकची आठवण येत नाही. ओला ठेवलात तर गंजेल.

आंबटाचा नियम मात्र पक्का लक्षात ठेवा. कोकम, चिंच, टोमॅटो घातलेलं कालवण लोखंडात, जर्मनच्या टोपात किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत करायचं नाही. (जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, दुकानात हाच शब्द चालतो.) आंबटाने धातू सुटतो, चव बिघडते, आणि तांबं पोटात जाणं अपायकारक. कालवणाला स्टील किंवा माती. मातीची हंडी धारावीच्या कुंभारवाड्यात मिळेल. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती जुनी वस्ती आहे. आतून रंग किंवा चकाकी नसलेली हंडी घ्या, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिच्यात तांदळाची पेज मंद आचेवर करून ती टाकून द्या. मग पहिलं कालवण करा. मातीत केलेलं बांगड्याचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

पितळेची कढई घ्यायचीच असेल तर कल्हईवाला कुठे भेटेल ते त्याच दुकानात विचारून ठेवा. ते काम उभं राहून बघण्यासारखं असतं. भांडं निखाऱ्यावर लाल होण्याच्या बेताला तापवतात, आत नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी पसरते, आणि कापसाच्या बोळ्याचा एक सफाईदार फेरा झाला की काळवंडलेलं पितळ आरशासारखं होतं. लगेच पाण्यात बुडवतात. चर्र आवाज होतो. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही आणि त्यात कोरडं भाजायचं नाही.

कुकरवर आयएसआयची खूण बघितल्याशिवाय घेऊ नका, ती कायद्याने बंधनकारक आहे. रिंग आणि शिट्टी घराजवळच्या दुकानात मिळते त्याच बनावटीचा घ्या. खोलीत गॅस नसून इंडक्शन असेल तर खिशात लोहचुंबक घेऊन जा. भांड्याच्या बुडाला चिकटला तर ते चालेल, नाहीतर नाही. मातीची हंडी आणि पितळ त्यावर चालत नाही, तेव्हा मग बिडाचा तवा आणि जाड बुडाचं चुंबक धरणारं स्टील.

पैसे दिल्यावर एक गोष्ट आठवणीने मागा. भांड्यावर नाव घालून द्या म्हणा. बरेच दुकानदार लहानशा यंत्राने तिथल्या तिथे घालून देतात. चौघांच्या खोलीत राहत असाल तर टोप कोणाचा हा वाद मिटतो. मी माझ्या पहिल्या टोपावर नाव, गाव आणि तारीख घालून घेतली. दुकानदाराने ‘परभणी’ लिहिताना विचारलं, "तिकडे मासळी खातात का हो ताई?" रोहू-कटल्याचं सांगितल्यावर त्यांनी आतून थोडा मोठा टोप काढला. रोहूचं डोकं यात मावेल म्हणाले, आणि मावतं.